राणीचा दाखल नंबर

फिजाने स्ट्रायकर मारला. तो जिवाच्या आकांतानं निघाला, चार बोटं गेला आणि थकून थांबला. काळी सोंगटी जागची हलली नाही. हलणार कशी? तिच्या पाठीवर कागदाची जाड पट्टी, पट्टीवर नंबर, आणि पट्टीखालून ओघळलेला डिंक पार कॅरमबोर्डापर्यंत पोचलेला.

"घनश्यामकाका, हे काय केलं तुम्ही?"

"दाखल केलं," ग्रंथपाल घनश्यामकाका खुर्चीतूनच म्हणाले. "लायब्ररीत आलेल्या हर वस्तूले नंबर पाह्यजे. काल दिवसभर चिकटवत होतो. जेवणाचा डबा तसाच वापस गेला."

"पण दोन्ही बाजूंनी?"

"मंग? उलटी पडली तर नंबर कसा दिसन?"

दारव्ह्याच्या या वाचनालयात माणसं यावीत म्हणून वरून खेळ पाठवले होते. माणसं म्हणजे आतापर्यंत फिजा. परवा यवतमाळला जिल्ह्याच्या कॅरम संघाची निवड व्हायची होती. तिला ठाऊक असलेले बोर्ड दोनच. एक स्टँडवरच्या पानठेल्यामागे, जिथं अब्बूंनी तिला उभंही राहू दिलं नसतं. दुसरा हा. लायब्ररीत जाते म्हटल्यावर अब्बू उलट खूश झाले होते.

तिनं पावडर टाकली. पावडर डिंकात कालवली गेली आणि बोर्डावर बारक्या बारक्या भाकऱ्या तयार झाल्या. तिनं पुन्हा मारलं. टक.

"शूऽऽ," पेपरामागून नानाजी म्हणाले. नानाजी इथले सर्वांत जुने वाचक. त्यांचा चेहरा फिजाने अजून पाहिला नव्हता. पेपर पाहिला होता.

"काका, परवा सिलेक्शन हाये माझं. बोर्ड घरी नेऊ का? नंतर आणून देते."

"नाही नेता येत. संदर्भ विभागात हाये तो. इथंच बसून वाचा लागते."

"वाचू?"

"खेळा लागते. एकच हाये ते."

"मग पट्ट्या तरी काढू द्या."

"अन् तपासणीले साहेब आले, अन् बिनानंबरची सोंगटी दिसली, तर काय सांगू मी? का बापा, ही अशीच फिरत फिरत आली?"

फिजाने गुपचूप राणीच्या पट्टीत नख घालून पाहिलं. पट्टी निघाली नाही. राणीचा रंग निघाला.

मग मात्र तिनं कोपर मागे घेतलं, दात आवळले आणि होता नव्हता तेवढा राग एका बोटात आणून स्ट्रायकर मारला. बाकीच्या सोंगट्या शिस्तीत बसून राहिल्या. राणी तेवढी उठली. चौकट ओलांडून, टेबल ओलांडून ती नानाजींच्या पेपरावर फट्‌कन आदळली आणि घरंगळत काकांच्या चपलेपाशी गेली.

"शूऽऽ," पेपर म्हणाला.

काका रागावले नाहीत. त्यांनी राणी उचलली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नंबर वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"पाह्यलं? नंबर होता म्हणून समजलं, कुठची हाये ते."

त्यांनी काचेचं कपाट उघडलं. दोन जाडजूड ग्रंथ बाजूला सारले, मधल्या फटीत राणी तिच्या नंबरावर उभी केली, आणि कपाटाला कुलूप लावलं.

"काका, राणी!"

"जागेवर हाये. आता तिले काही होत नाही."

"अन् मी कशी खेळू?"

"खेळ नं बेटा. तुले कोणं अडवलं?"

फिजा कपाटापाशी जाऊन उभी राहिली. आतल्या पुस्तकांना बरीच वर्षं कोणाचा हात लागलेला दिसत नव्हता. त्यांच्या मधोमध राणी ताठ उभी होती, नंबर बाहेरच्या बाजूला. तिच्यावर काचेत फिजाचं तोंड.

तिनं बोट वाकवलं, नेम धरला आणि काचेवर मारलं. टक.

"शूऽऽ," नानाजी म्हणाले.