मालगाडीचा शेवटचा डबा

घड्याळजी आपल्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या खोलीत शिरले, की कानात बोळे घातल्यासारखे. बायको हाका मारून थकायची. शेवटी त्यांनीच भिंतीला भोक पाडून रूळ थेट स्वयंपाकघरात नेले. तिने मालगाडीच्या शेवटच्या डब्यात चिठ्ठी टाकायची, 'चहा झालाय, या', की स्वारी हसत हजर!

त्या दिवशी मालगाडी शेवटच्या डब्याशिवायच परतली.

"निसटली वाटतं कडी," म्हणत ते तासभर कडीच दुरुस्त करत बसले. उठून आत गेले, तेव्हा बायको ओट्याशी पडलेली होती. सगळं संपलं होतं.

वर्षभराने रूळ उखडताना भिंतीतल्या भोकात तो डबा सापडला. आत चिठ्ठी होती.



"तीनदा हाक मारली हो. छातीत कळ येतेय, या ना."