लेखकाची अट

कुंभोजकरसाहेबांनी ग्रुपवर लेख टाकला आणि दोन मिनिटांत त्याखाली सगळ्या डिझाइन विभागाचे अंगठे उमटले. पंपांविषयीच्या एका मासिकाची वर्गणी साहेब भरत आणि दर सोमवारी त्यातला एक लेख स्कॅन करून सगळ्यांना पाठवत.

"साहेब, वर्गणी एकाची आणि वाटायचं सगळ्यांना, हे कायद्यात बसत नाही," शर्वरी म्हणाली. "लेखाच्या शेवटच्या पानावर छापलंय, सर्व हक्क लेखकाकडे. खाली ईमेलही आहे."

"अहो, घरातल्या घरात तर वाटतोय," साहेब म्हणाले. मग त्यांनाच कुतूहल वाटलं. "बघा तरी विचारून. काय म्हणतोय गृहस्थ?"

चहाच्या वेळेला उत्तर आलं. शर्वरीने ते मोठ्याने वाचलं. "खुशाल वाटा. अट एकच. वाचून कुणाला काय शंका आली, तेवढं कळवा. इतकी वर्षं लिहितोय, अजून कुणी काही विचारलेलं नाही."

बाकीचे कप उचलून आपापल्या टेबलाकडे वळले. एकाला अचानक ड्रॉइंगमध्ये चूक दिसली.

"साहेब, तुम्हीच विचारा एखादी शंका," शर्वरी म्हणाली.

"मला मथळा आवडला होता," साहेब पुटपुटले. "तुम्ही विचारा की."

ती तोंड उघडणार, तोच तिच्या लक्षात आलं की आपणही शेवटचं पानच तेवढं पाहिलं होतं. तिने मुकाट्याने पहिलं पान उघडलं. दुसऱ्याच परिच्छेदाशी ती थबकली.

"पण असं कसं होईल?"

"कसं?" म्हणत साहेबांनी खुर्ची ओढली.