एकच लाइन

तेव्हा थेरगावच्या घरी फोन आणि इंटरनेट एकाच लाइनवर चालायचं. समाधानचा ऑनलाइन गेम रंगात आला की आई बाहेर रिसीव्हर उचलायची आणि कनेक्शन तुटायचं.

“कुणाला एवढा अर्जंट फोन करायचा असतो गं तुला?” तो बाहेर येऊन ओरडायचा.

“कुणाला न्हाई रे. आलाच हाईस तर चहा घे.”

तो दार आपटून परत आत जायचा.

आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. आज रावेतच्या फ्लॅटमध्ये लेक हर्षाली सकाळपासून दार लावून गेम खेळत होती. समाधानने दोन कप चहा गाळला आणि हळूच वायफाय बंद केलं.

“बाबा, नेट का गेलं?” ती तणतणत बाहेर आली.

“आलीच आहेस तर चहा घे.”


दार आपटलं. बाहेरच्या खोलीत ते किती मोठ्यांदा ऐकू येतं, हे समाधानला आज कळलं.