समोरची खुर्ची

मेहकरात बसून अविनाश परदेशातल्या लोकांच्या वेबसाइट बनवतो. ठरलेल्या तारखेला काम दिल्याचा आरोप त्याच्या कंपनीवर आजवर कुणी केलेला नाही.

जर्मनीत नोकरीला असलेल्या विश्वंभर नावाच्या ग्राहकाने शेवटी ऑनलाइन मीटिंगा बंद केल्या आणि डोणगावात राहणाऱ्या आपल्या आईला, सत्यभामाबाईंना, रोज एसटीने अविनाशच्या ऑफिसात पाठवायला सुरुवात केली. सकाळी दहाला त्या अविनाशसमोरच्या खुर्चीत वाती वळत बसायच्या आणि तासातासाने विचारायच्या, "झालं का रे बाप्पा, माह्या पोराचं काम?"

"होऊन राह्यलं, काकू."

"होऊ दे. मी हाये अठीच."

वेबसाइट चार दिवस आधीच तयार झाली.

ही बातमी कॅनडातल्या डेव्हिडपर्यंत पोचली. त्याचं काम तीन महिने रखडलेलं होतं आणि तो करार मोडायच्या बेतात होता. त्याने विचारलं, जर्मनीवाल्याचं काम वेळेआधी कसं झालं? ऐनवेळी थाप सुचेना, म्हणून अविनाशने खरं ते सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी डेव्हिडचा मेल आला.



"करार मोडत नाही. माझी आई बुधवारी पोचते आहे. आणखी एक खुर्ची ठेवा."