दोनशे चौदा नंबरचं गाठोडं

"न्हाई देणार," सुभद्रा म्हणाली आणि तिनं गाठोडं पाठीमागं धरलं.

पिंपरीच्या कारखान्याच्या फाटकात ज्योतीराम हात पुढं करून उभा होता. दोनशे चौदा नंबरच्या कामगाराचं गाठोडं गेले तीन आठवडे तोच घेऊन जायचा. तो मशीनवर आहे, त्याला सोडत नाहीत, आम्ही एकाच खात्यातले, असं रोज सांगायचा. सुभद्रा रोज विश्वास ठेवायची. तिथंच तिचं चुकलं होतं.

"आज काय झालं, वहिनी?"

"ह्यो गडी मला चोर म्हणतो. त्याला म्हणावं, बाहेर ये आणि माझ्या तोंडावर म्हण."

फाटकावरच्या रहिमानचाचांनी तंबाखू मळायची थांबवली.

सकाळीच भोसरीत शालननं तिला दारात अडवलं होतं. शालन म्हणजे दोनशे चौदाची बायको, वीस वर्षांचीही नसेल. "ताई, उद्यापासनं येऊ नका," ती खाली बघून म्हणाली. "भाकरी पोचती, पण लाडू पोचत न्हाईत, तूप पोचत न्हाई. हे म्हणत्यात, ती बाई वाटंत खाती." शेजारच्या दोघी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यातल्या एकीनं सुभद्राच्या पाटीतलं आपलं गाठोडं गुमान काढून घेतलं आणि घरात गेली.

लाडू खाते म्हणे. पंचावन्न सालापासून ही बाई दिघीहून पिंपरीला पायी सामान पोचवत होती. नवरा त्याच्याही दोन वर्षं आधी मुंबईला गेला होता. वर्षभर त्याची पत्रं आली, मग तीही आटली. खटावकडचं कोरडं रान टाकून ती म्हाताऱ्या सासूला घेऊन दिघीला आली, एका शेजारणीच्या मालकाचा डबा पोचवू लागली. एकाचे चौदा झाले. भाकरी, औषधाची बाटली, धुतलेला सदरा, गावाकडून आलेलं पत्र, सगळं सकाळी तिच्या ओट्यावर येऊन पडायचं. वाटेवर भोसरीतली गाठोडी ती दारोदार गोळा करायची. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून त्याच्या बिल्ल्याचा नंबर सांगायच्या. सुभद्राला अक्षर येत नव्हतं, पण चौदा नंबर तोंडपाठ होते. दोन वर्षांत एकाची भाकरी दुसऱ्याला गेली नाही की कुणाची गाठ वाटेत सुटली नाही. दोघींची चूल या विश्वासावर पेटत होती आणि आज एका नंबरानं त्यावर पाणी ओतलं होतं.

"जाऊ दे वहिनी," ज्योतीराम म्हणाला. "एका घरानं काय होतंय?"

एका घरानं! उद्या सगळी भोसरी तेच बोलणार, परवा दिघी.

"बाकीची नेऊन ज्याची त्याला दे," सुभद्रानं पाटी पुढं ढकलली. "ह्याचं ह्याच्याच हातात देणार. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चाचांच्या देखत गाठ सोडू दे आणि काय कमी हाय ते दावू दे."

"तो यायचा न्हाई."

"का? लाज वाटती?"

ज्योतीराम घुटमळला. "ती बाई असंस्तवर मी फाटकाकडं फिरकणार न्हाई, म्हणतो."

"खोटं बोलणाऱ्याला भ्या वाटणारच," सुभद्रा म्हणाली आणि फाटकाच्या कडेला फतकल मारून बसली.

रहिमानचाचा उठले. फाटक सोडून जायची त्यांना परवानगी नव्हती, पण आज तेही तापले होते. "दोन साल बघतोय मी हिला. पाण्याचा तांब्यासुद्धा विचारून उचलती. तू थांब बेटी, आणतो त्याला."

ते गेले. जेवायच्या सुट्टीतले कामगार एकेक करत फाटकाशी जमले. सुभद्रानं मनात बोलणं जुळवून ठेवलं. आधी विचारायचं, कुठला लाडू खाल्ला. मग विचारायचं, बाईमाणसाच्या पोटावर पाय देताना आई आठवली नाही का. राग तिला आज हवाच होता.

चाचा आले. त्यांच्या मागून चिंधीला हात पुसत, मान खाली घालून एक माणूस आला. सुभद्रा ताडकन उठली. त्या माणसानं मान वर केली.



ज्याच्या नावाचं कुंकू ती त्याच्या माघारी चार वर्षं लावत होती, तो समोर उभा होता. त्याची आई या घटकेला दिघीच्या ओट्यावर ज्वारी निवडत कुणाला तरी सांगत असेल, माझा ल्योक मुंबईला हाय. तीन आठवडे सुभद्रा आपल्याच नवऱ्याची भाकरी दुसरीच्या चुलीवरून उचलून चार मैल डोक्यावर आणत होती. त्यानं तिला पहिल्याच दिवशी आतून पाहिलं असणार. मग ज्योतीरामला पुढं केलं, आणि तेवढ्यानं भागेना तेव्हा तिला चोर ठरवलं. लाडू कधी कमी पडलेच नव्हते. कमी करायची होती ती तिची फाटकावरची फेरी.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. दहापंधरा माणसं बघत होती.

"इथं तमाशा नको," तो खालच्या आवाजात म्हणाला. "घरी बोलू."

सुभद्रानं गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असं विचारलं, "कंच्या घरी?"