बाजूच्या वाकुल्या

जोडी सुटली तरी उकंडरावानं बाजूला पाहिलं नाही. शेजारच्या पटावरून खामगावच्या हिंमतरावाचे पांढरे बैल फुरफुरत येत होते आणि हिंमतराव बैलांना कमी, उकंडरावाला जास्त शिव्या देत होता. उकंडराव आपला छकड्यावर उभा, नजर नाकासमोर. त्यानं यंदाही आघाडी घेतली आणि शंकरपटाला, बैलजोड्यांच्या शर्यतीला, जमलेलं अख्खं गाव बोंबलायला लागलं.

पटाच्या शेवटी दोन्ही अंगांना लाल निशाणं घेऊन दोघं उभे होते. निशाण पडलं की पट संपला. निशाणं पडली. मग उठली. मग दोघांतल्या मोतीरामानं निशाणासकट उड्या मारल्या. उकंडराव थांबला नाही. गेल्या वर्षी शेवटी नाला होता, तिथं बैलच थांबले होते. यंदा शेत बदललं होतं आणि पुढं थेट सातपुडा होता.

छकड्याच्या डाव्या चाकानं कौशल्याबाईच्या भज्यांच्या मंडपाचा दोर तोडला, उजव्या चाकानं पाहुण्यांच्या मंडपाचा. दोन्ही मंडप खाली बसले. उकंडराव मधून गंभीरपणे निघून गेला.

पाहुण्यांच्या मंडपाखालून सर्वांत आधी डॉक्टर नारायणराव निघाले. ते तालुक्याच्या दवाखान्यात नागपूरहून नुकतेच आले होते. डोक्यावर टोपी नव्हती, गळ्यात खुर्ची होती.

"दोन्ही बाजू!" ते ओरडत होते. "दोन्ही बाजू गेल्या!"

"उभ्या करून देतो साहेब," मोतीराम म्हणाला. "मंडपच हाये."

बैल दमले तसा उकंडराव परत आला. डॉक्टरांनी त्याला बाजेवर बसवलं आणि दोघा निशाणवाल्यांना त्याच्या मागं, दोन बाजूंना उभं केलं.

"माझ्या नाकाकडे बघा, उकंडराव. निशाण दिसलं की सांगा. हं, आणा रे पुढे. हळू."

निशाणं कानांपाशी आली. गालांपाशी आली. गर्दीनं माना लांबवल्या.

"दिसलं?"

"काय?" उकंडराव म्हणाला.

निशाणं आणखी पुढं सरकली आणि त्याच्या नाकासमोर एकमेकांना भिडायला आली, तेव्हा तो बाजेवरून उडाला. "अबे! हे कुठून आले?"

टाळ्या पडल्या. लोकांना हा खेळ पटापेक्षा आवडला.

डॉक्टरांनी त्याचा पंजा हातात घेतला. तो हातात मावला नाही. "अंगठी?"

"दोन डाव कापून काढली."

"जोडे?"

"दर दिवाळीले मोठे लागतात."

"देवानं देल्ले हात हायेत," मोतीराम अभिमानानं म्हणाला. "कासऱ्यासाठी."

"देवानं नाही, गाठीनं!" डॉक्टरांचा आवाज आनंदानं चिरकला. हा आजार त्यांनी आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता. "कवटीच्या तळाला, नाकाच्या मागे एक खळगा असतो. त्यात हरभऱ्याएवढी ग्रंथी. तिची झाली असेल बोराएवढी गाठ. तीच हातपाय वाढवते. आणि वरून डोळ्यांच्या शिरा जातात, त्या ती खालून दाबते. म्हणून बाजूचं दिसत नाही."

मग त्यांचं लक्ष उकंडरावाच्या चेहऱ्याकडं गेलं आणि त्यांनी आवाज उतरवला. "अजून समोरचं दिसतं. थांबलात तर तेही जाईल. मुंबईला चला. एक्स-रेनं कवटीचा फोटो काढतील, गाठ असली तर त्याच किरणांनी शेकतील. नाहीच भागलं, तर नाकातून जाऊन काढतील."

सगळ्या गर्दीनं आपापलं नाक चाचपलं.

"मंग बाजूचं दिसन?" उकंडरावानं विचारलं.

"दिसेल. बहुतेक दिसेल."

"मंग नाही येत."

"काऊन?" हिंमतरावच मध्ये बोलला.

"बाजूचं दिसत होतं तवा तुह्ये बैल पाहूनच माह्या हातचा कासरा सुटे. दोन सालापासून नाही दिसत, तर जितून राह्यलो."

गावाला हे पटलं. मोतीराम डॉक्टरांना एका बाजूला घेऊन म्हणाला, "राहू द्या ना साहेब. अशी गाठ काही एकट्याची नसते. गावाची असते."

"आंधळे होतील हो ते!"

"समोर आम्ही पाहू."

बाजेच्या डाव्या अंगाला उकंडरावाची बायको, सोजराबाई, मघापासून उभी होती. ती एकदम म्हणाली, "दोन सालापासून तुमाले बाजूचं दिसत नाही?"

उकंडरावानं छकडा वळवावा तशी सगळी मान वळवली. "तू इथंच होती?"

"इथंच असतो मी! जेवाले बसले की डाव्या अंगाले बसतो. तुम्ही काही वंगाळ बोलले की वाकुल्या दाखवतो. पहिले ताट फेकत होते. दोन सालापासून चूपचाप जेवता. मले वाटलं, तुम्ही सुधरले."

हिंमतरावानं उगाच आपल्या बैलाची पाठ थोपटली.

"रोज दाखवत होती?" उकंडरावानं विचारलं.

"रोज. कधी दोन डाव."

उकंडराव आपल्या सुपाएवढ्या पंजांकडं पाहत बसला. मग म्हणाला, "आता दाखव."

"समोरून नाही," सोजराबाई म्हणाली. "मुंबईहून या. मंग बाजूनंच दाखवीन."

उकंडराव उठला. "दमणी काढा बे. नांदुऱ्याले मुंबईची गाडी भेटली पायजे."

दमणीला ताजे बैल जुंपले. डॉक्टर नको नको म्हणत असताना कासरा उकंडरावानंच धरला, म्हणून ते मागं बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दांडी पकडली. मोतीराम आणि दुसरा निशाणवाला केव्हाच पुढं धावत सुटले होते. टेसनापाशी निशाणं घेऊन रस्त्याच्या बरोबर मधोमध उभं राहायला.

दमणी हलली. उकंडरावाची नजर नाकासमोर होती. डाव्या अंगाला बसलेल्या सोजराबाईनं पदर सारखा केला, डोळे पुसले आणि जीभ बाहेर काढली.