आपोआप

डॉक्टरबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या काचेवर लावली आणि पेनाच्या टोकाने मधोमध एक ठिपका दाखवला.

"ही पीयूषिका ग्रंथी. मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी. तिच्यात ही गाठ आहे, तुरीच्या दाण्याएवढी. कर्करोग नाही. गोळ्यांनी बसेल."

एंजेला खुर्चीच्या कडेवर बसली होती. शेजारी तिचे वडील दानीएल, टोपी मांडीवर ठेवून. दोघे तिसगावहून सकाळच्या एसटीने सावेडीच्या या दवाखान्यात आले होते.

"मंग ते दूध?" दानीएलने फिल्मकडे बघतच विचारले. "लगीन न झालेल्या पोरीला?"

"सांगते. या ग्रंथीतल्या पेशी स्वतःच बारीक बारीक वीज सोडतात. वीज उठली की पेशी आपलं हार्मोन रक्तात टाकते. दुधाचं हार्मोन बनवणाऱ्या पेशींना मेंदू एरवी दाबून ठेवतो. या गाठीतल्या पेशी त्याचं ऐकत नाहीत. रात्रंदिवस चालूच. म्हणून हिला दूध येतंय आणि पाळी बंद आहे."

"पर सुरू कोन करतं?"

"कुणी नाही. आपोआप."

"आसं कसं? कोनी बटन दाबल्याबिगर वीज चालू हुती व्हय?"

एंजेला त्याच्याकडे वळली.

"अजून नाव पाहिजे का तुम्हाला, पप्पा?" तिचा आवाज चढला नव्हता. "घ्या लिहून. पीयूषिका. सोनईच्या पाहुण्यांनाही कळवा."

सोनईच्या सॅमशी तिचे लग्न ठरले होते. साखरपुड्याच्या ब्लाउजचे माप घेताना सॅमच्या आत्याने तिच्या छातीवरचे ओले डाग पाहिले. दुसऱ्या दिवशी एका फोनवर लग्न मोडले. आठवड्याभरात तिला शाळेतूनही सुट्टी घ्यायला सांगितले गेले. ती तिसरीचा वर्ग शिकवत होती. या दवाखान्यात नंबर तिने स्वतः लावला होता. दानीएल सोबत आला, कारण तिला एकटीला कुठे सोडायचे नाही असे त्याने ठरवले होते.

"कधीपासून होतंय हे?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"सात महिने."

"मग इतके दिवस थांबलीस कशाला?"

"थांबले नव्हते. घरी तपासण्या चालू होत्या," एंजेला म्हणाली. "पप्पा मेडिकलमधून गरोदरपण तपासायची पट्टी आणायचे. मी न्हाणीत जायचे, हे दाराबाहेर उभे. पाच वेळा. पाचही वेळा एकच रेघ आली. मग यांनी मला मारलं आणि विचारलं, त्याचं नाव सांग, पोर टाकलंस कुठं?"

डॉक्टरबाईंनी पेनाचे टोपण लावले, मग पुन्हा काढले. दानीएल टोपीची शिवण चाचपत राहिला.

"आठवड्यात दोनदा अर्धी गोळी," त्या लिहू लागल्या. "सुरुवातीला चक्कर येईल. झोपताना जेवणानंतर घे. महिन्याने रक्त तपासू."

"बाई," दानीएल खाकरला. "हे समदं एका कागदावर लिहून द्या. सही-शिक्क्यानं. चर्चच्या पाळकसाहेबांना दावतो. सोनईला बी दावतो. पोरगी चांगली हाय म्हून."

"लिहू नका," एंजेला म्हणाली.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"मी चांगली आहे हे सात महिने मी सांगतच होते. माझ्या सांगण्यावर शिक्का नव्हता."

डॉक्टरबाईंनी फक्त गोळ्यांची चिठ्ठी फाडली आणि एंजेलाच्या हातात दिली.

स्टँडवर एंजेला मेडिकलमध्ये गेली तेवढ्यात दानीएलने सोनईला फोन लावला. गाडीत तो दोघांच्या बाकावर खिडकीशी बसला. एंजेला शेजारी बसली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सात महिन्यांत नव्हते ते हसू होते.

"सॅमचं अजून कुठं जमलं न्हाई. रिपोर्ट दावा म्हनत्यात, बोलनं करू. जरा गैरसमज झाला म्हनत्यात."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हननार? व्हय म्हनलं. झालं गेलं सोडायचं."

एंजेला उठली. पर्स आणि गोळ्यांची पिशवी उचलून ती मागे गेली आणि शेवटून दुसऱ्या बाकावर बसली. दानीएलने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा लोक बघायला लागले, म्हणून तो पुढे तोंड करून बसला.

करंजीला एक बाई गाठोडे घेऊन चढली आणि त्याच्या बाकाशी थांबली.

"इथं कोनी बसलंय का, दादा?"

दानीएलने मागे पाहिले. एंजेला त्याच्याकडेच बघत होती. तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

"न्हाई," तो म्हणाला आणि खिडकीकडे अजून सरकला. "कोनी न्हाई."